बाबांच्या हातचं चाक

"एरवी कसं गरीब गाईसारखं असतं. आणि ब्रेकवर पाय ठेवला की याच्या अंगात येतं. माझ्याच वाट्याला कसं येतं हे सगळं, काही कळत नाही."

केकवाल्या बाई हे स्टिअरिंगला सांगत होत्या, मला नव्हे. मी शेजारच्या सीटवर मांडीवर केकचा खोका धरून बसले होते. मागची सीट भरलेली, डिकी भरलेली, आणि हा एक खोका कुठेच मावत नव्हता म्हणून तो माझ्याकडे आला होता. गाडीतला दोष शोधायला निघालेल्या माणसाने असं बसू नये, पण गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणणार.

"ताई, आता रस्ता मोकळा आहे. जरा वेग घ्या," मी म्हटलं. "मग ब्रेक दाबा. एकदम नको, दमादमाने."

"खोका धरा."

"धरलाय."

वेग घेताना सगळं शांत होतं. स्टिअरिंग शांत, सीट शांत, आरशाला टांगलेलं लाकडी बदक शांत. म्हणजे चाकांच्या बॅलन्सिंगचा प्रश्न नव्हता. तो असता तर ब्रेक न लावताही वेगात हात थरथरले असते. मग बाईंनी ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग डावीउजवीकडे भराभर हलायला लागलं. थरथर त्यांच्या मनगटातून कोपरापर्यंत चढलेली दिसत होती. बदक नाचलं. माझ्या मांडीवरच्या खोक्यात काहीतरी हळूच सरकलं.

"पायाखाली पेडल ढकलतंय का?"

"हो ना. खालून कुणीतरी दार वाजवतंय असं."

"आणि सीट हलते?"

"सीट नाही. सीटला कशाला बोल लावू."

सीट हलली असती तर मागच्या चाकांकडे बघायचं. हात हलतात म्हणजे पुढची चाकं, आणि ब्रेक सोडला की थांबतं म्हणजे ब्रेकच्या डिस्क, पॅड ज्यांना दाबून चाक थांबवतात त्या तबकड्या. हे मला कुणी समोर बसवून शिकवलेलं नाही. गॅरेजच्या काउंटरवर बसायचं, गिऱ्हाईक काय सांगतं ते ऐकायचं, मग आतून काय उत्तर येतं ते ऐकायचं. इतकी वर्षं दोन्हीकडचं ऐकल्यावर मधलं आपोआप कळायला लागतं.

"मी तर आता शक्यतो ब्रेक लावतच नाही," बाई म्हणाल्या. "लांबूनच पाय काढून घेते. गाडी आपली आपण थांबते. परवा शाळेच्या चौकात एक पोरगी सायकल घेऊन आडवी आली, तेव्हासुद्धा पाय ब्रेकवर जायला जरा कचरला. मागे दोन मजली केक होता ना."

"मग?"

"मग काय, पोरगी हुशार होती. तीच थांबली."

मी खोका दोन्ही हातांनी धरला. परत फिरू या म्हटलं.

या गाडीची ही तिसरी खेप होती. पहिल्यांदा आम्ही डिस्क आणि पॅड नवे टाकले. काही महिने बरे गेले आणि बाई परत दारात. दुसऱ्यांदा डिस्क लेथवर घासून सपाट करून घेतल्या. पुन्हा काही महिने बरे गेले, पुन्हा बाई दारात. दुसरं कुणी असतं तर एव्हाना आमच्या नावाने खडे फोडत दुसऱ्या गॅरेजात गेलं असतं. बाई मात्र गाडीलाच बोलायच्या. आमच्यावर त्यांचा विश्वास होता, आणि तो मुख्यतः बाबांवर होता.

बाबा म्हणजे माझे सासरे. गॅरेज त्यांनी उभं केलं. रस्त्याच्या कोपऱ्यावर दोन गाड्यांची जागा, एक लिफ्ट, बाजूला काउंटर, आणि मागच्या भिंतीला एक दार. ते उघडलं की थेट आमचं स्वयंपाकघर. त्यामुळे गॅरेजात पाना पडला तरी आईंना, म्हणजे सासूबाईंना, ऐकू जातो आणि आईंनी पातेलं आपटलं तर गिऱ्हाइकाला. बाबांनी हळूहळू एकेक काम मुलांच्या हवाली केलं होतं. इंजिनाची कामं माझ्या नवऱ्याकडे. वायरिंग आणि ब्रेक धाकट्या दिराकडे. बिलं आणि गिऱ्हाइकांची कटकट माझ्याकडे. स्वतःकडे त्यांनी फक्त एक गोष्ट ठेवली होती. कुठल्याही गाडीचं चाक काढलं असेल, तर ते परत बसवताना नट शेवटचे आवळायचे ते बाबांनीच.

आमच्याकडची ती पद्धतच होती. चाक चढवायचं, नट बोटांनी फिरवून टेकवायचे, गाडी खाली आणायची आणि हाक मारायची, "बाबा, चाक." कॉम्प्रेसरजवळच्या खुर्चीतून बाबा उठायचे. त्यांचा एक लांब दांड्याचा पाना होता, दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. समोरासमोरचे नट एकाआड एक घेत ते आवळायचे, प्रत्येकाला शेवटी एक छोटा हिसका द्यायचे, टायरवर थाप मारायचे आणि गाडीला म्हणायचे, "जा." गिऱ्हाइकाला नाही, गाडीला. कितीतरी लोक ती थाप बघायला थांबत. आणि एकदा बाबांचा हात लागला की त्या नटांना दुसऱ्या कुणी पाना लावायचा नाही. असं कुणी कधी सांगितलं नव्हतं. तसा विषयच कधी निघाला नव्हता.

नट मोजून आवळायचाही एक पाना असतो. त्यावर जोर ठरवून ठेवायचा, तेवढा लागला की तो कट् असा आवाज करतो. माझ्या नवऱ्याने एक आणला होता. बाबांनी त्याचं नाव 'कटकट्या' ठेवलं.

"स्वतःच्या हातावर भरवसा नसला की माणूस असला कटकट्या पाळतो," ते म्हणाले होते. तेव्हापासून तो पाना खणात, फडक्यात गुंडाळलेला असायचा.

आम्ही पोहोचलो तेव्हा बाबा खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते.

"आली का केकची गाडी?" त्यांनी कागदाच्या वरून बघितलं. "आज कुठला मजला कोसळला?"

"अजून उभा आहे काका, पण भेगा पडल्यात," बाई म्हणाल्या. "आणि हे बघा, नेहमीसारखी आजही मी हलणार नाही. काम होईपर्यंत इथेच. संध्याकाळी एक मोठा केक पोहोचवायचाय, तो घरी फ्रीजमध्ये आहे, आणि हे सगळे वाटेत देत जायचेत."

"बसा की. ही तुम्हाला चहा देईल."

ही म्हणजे मी.

दिराने गाडी आत घेतली. पुढच्या डाव्या चाकाचे नट सैल करायला तो वाकला. पहिले दोन नट कुरकुरले, त्यांना सोडवताना त्याने दांड्यावर अंग टाकलं. पुढचे नट सहज फिरले. अगदीच सहज. दीर शीळ घालायला लागला. त्याला शीळ घालायची सवय नाही. काहीतरी बोलायचं नसतं तेव्हाच तो घालतो.

"शीळ बंद कर," बाबा पेपरातून म्हणाले. "तुझ्या शिळेने नट सैल होतात."

"हो बाबा."

चाक निघालं. ब्रेक एरवी दिराचे, पण तिसरी खेप म्हणून आज नवऱ्याने डिस्क जागच्या जागी ठेवून, चार वॉशर घालून नट सारखे आवळले आणि मोजायचा डायल लावला. घड्याळासारखी छोटी तबकडी असते, तिची दांडी डिस्कला टेकवायची आणि डिस्क हाताने फिरवायची. डिस्क वाकडी फिरत असेल तर काटा मागेपुढे होतो. काटा जवळपास जागचा हलला नाही. डिस्क सरळ फिरत होती. मग त्याने मायक्रोमीटर घेऊन डिस्कची जाडी ठिकठिकाणी मोजली. एका बाजूला ती झिजून पातळ झाली होती.

माझ्या नवऱ्याने तीच जागा पुन्हा एकदा मोजली. मी चहाचे कप घेऊन मागे उभी होते, त्यामुळे त्याच्याबरोबर मलाही ते दिसलं.

सारखे नट आवळले तर डिस्क सरळ बसते. म्हणजे गाडी रस्त्यावर होती तेव्हा ती सरळ बसलेली नव्हती. एका बाजूने जास्त दाबली गेलेली, दुसऱ्या बाजूने कमी. केसभरच वाकडी. तेवढ्याने लगेच काही होत नाही. पण दर फेऱ्याला तीच जागा पॅडला घासते, घासून घासून पातळ होते, आणि काही महिन्यांनी ब्रेक लावला की पॅड त्या जागेवर दर फेऱ्याला पकडतो-सोडतो, पकडतो-सोडतो. तेच मग वर हातात येतं.

"काय निघालं?" बाबांनी विचारलं.

"डिस्क झिजल्यात," नवरा म्हणाला.

"झिजणारच. हल्ली लोखंडात काही राहिलंच नाही. पूर्वीची डिस्क गाडी मोडीत गेली तरी सरळ असायची."

"हो."

"दुसऱ्या कंपनीच्या घे."

"घेतो."

दीर शीळ घालत होता.

हे आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण घरातल्या प्रत्येकाला वाटत होतं की हे आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे, आणि बरेच महिने घर असंच चाललं होतं.

मला ते गिऱ्हाइकांवरून कळलं. चाकाचं काम झालेल्या गाड्यांपैकी काही ब्रेकला हात हलतात म्हणून परत यायच्या. पहिल्यांदा मला वाटलं, अमुक एका जातीच्या गाड्या असतील. मग वाटलं, घाटात गाडी चालवणारे असतील, उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसणारे. मग एक दिवस दातांचे डॉक्टर परत आले, त्यांच्यामागून गाण्याचे मास्तर, आणि माझ्या लक्षात आलं की यांना दोघांना मी चहा दिला होता. हे दोघेही काम होईपर्यंत माझ्या काउंटरशी बसून होते. ज्यांनी सकाळी गाडी टाकली आणि संध्याकाळी नेली, त्यांच्यातलं कुणीच परत आलेलं नव्हतं. फक्त थांबणारे परत यायचे. माझ्या चहाने तर डिस्क झिजत नसणार.

मग मी लक्ष ठेवायला लागले. बाबा आवळून, थाप मारून, दुपारी आत आडवे झाले की माझा नवरा कॉम्प्रेसर चालू करायचा. हवा भरायला काही नसतानाही. त्या घरघरीत खणातून फडकं काढायचा, गाडीजवळ बसायचा, आणि कान देऊन ऐकलं तर कट्, कट् असा आवाज यायचा. तेव्हाच त्याच्या कानशिलावरचे पांढरे केस मला पहिल्यांदा नीट दिसले. वाटलं, या वयाचा बाप्या आणि लपूनछपून नट आवळतो.

त्याने आवळलेली गाडी संध्याकाळी दीर "जरा धुवून घेतो" म्हणून मागच्या गल्लीत न्यायचा. एकदा मी तिथे बादली द्यायला गेले. हा पठ्ठ्या बादलीची वाट बघत नव्हताच, त्याचाही एक कटकट्या होता. स्वतःच्या पैशाने घेतलेला, पँटच्या पायात लपवलेला.

"वहिनी, दादाला सांगू नका," तो म्हणाला.

"काय सांगू नको?"

"हेच."

"मी काही बघितलंच नाही," मी म्हटलं आणि बादली ठेवून आले. एका चाकाचे नट आमच्याकडे तीनदा आवळले जात होते, आणि तिसरा माणूस दर वेळी खूश व्हायचा की बरं झालं, आज बाबांचा हात नीट लागलेला दिसतोय.

आईंचं तर त्याहून सरस. पूर्वी बरणीचं झाकण अडलं की त्या गॅरेजचं दार उघडून बरणी बाहेर धरायच्या आणि बाबा न बोलता उघडून द्यायचे. ते अजून चालू होतं. फक्त आता आई आधी फडक्यात धरून, ओट्याच्या कडेला आपटून, झाकण स्वतःच सैल करायच्या, मग पुन्हा अलगद टेकवायच्या आणि मग बाबांना हाक मारायच्या. आत आई झाकणं आधी सैल करून ठेवायच्या, बाहेर मुलगे नट मागाहून घट्ट करायचे, आणि मधल्या दारातून बाबा ये-जा करायचे. त्यांचा उजवा खांदा गेल्या वर्षभरात जड झाला होता. शर्ट घालताना आधी तो हात बाहीत घालावा लागायचा. विचारलं तर म्हणायचे, "झोपेत अवघडला."

मग मीही माझ्या परीने हातभार लावायला लागले. गिऱ्हाइकाला बसा म्हणायचं सोडून दिलं. "तुम्ही कशाला ताटकळता, संध्याकाळी या," असं इतक्या प्रेमाने सांगायला लागले की दातांच्या डॉक्टरांना वाटलं, मी रागावले आहे.

पण केकवाल्या बाईंची सोय नव्हती. गाडी सोडली तर केक कशातून नेणार.

नव्या डिस्क आल्या. नवऱ्याने हबवरचा, म्हणजे डिस्क जिथे टेकते त्या भागावरचा गंज तारेच्या ब्रशने अगदी चकचकीत होईपर्यंत घासला. इतका घासला की बाबा म्हणाले, "अरे, त्याच्यात तोंड बघायचंय का?" डिस्क बसवली, डायल लावला, काटा स्थिर. दुसऱ्या बाजूलाही तेच. नवे पॅड. चाकं चढली, नट बोटांनी टेकवले, गाडी खाली आली.

इथे कुणीतरी हाक मारायची असते. नवरा हात पुसत होता. हात स्वच्छ झाले तरी पुसत होता. दीर लिफ्टच्या बटणाकडे असं बघत होता जसं ते आजच बसवलंय. मी बिलावर तारीख घातली, ती खोडली, पुन्हा तीच घातली.

"काका, चाक," केकवाल्या बाईंनीच हाक मारली. तिसरी खेप, त्यांना आता सगळं पाठ होतं.

बाबांनी पेपराची नीट घडी केली, चष्मा काढला आणि उठले. भिंतीवरून आपला पाना घेतला.

पहिला नट. दांड्यावर वजन आलं, शेवटी छोटा हिसका. तो खरा होता. दुसरा, समोरचा, तोही तसाच. तिसऱ्याला दांडा अर्ध्यावर थांबला. बाबांनी श्वास घेतला, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि हिसका दिला. दांडा हलला नाही, हललं ते त्यांचं कोपर. चौथ्याला तर नुसता पाना लागला आणि निघाला. पण क्रम चुकला नाही, समोरासमोरचे नट एकाआड एक, आणि प्रत्येकाला वेळ तेवढाच दिला. लांबून बघणाऱ्याला काही फरक कळला नसता. बाई तर कौतुकाने बघत होत्या.

"हल्ली असं कोण करतं," त्या मला म्हणाल्या. "माझ्या बहिणीचा गॅरेजवाला मशीनने खर्रकन फिरवतो आणि मोकळा होतो."

दुसरं चाक झालं. बाबांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी टायरवर थाप मारली.

"जा," ते गाडीला म्हणाले.

"चला," बाई पर्स उचलत म्हणाल्या. "किल्ली कुठाय?"

किल्ली माझ्या नवऱ्याच्या हातात होती.

"ताई, गाडी धुवून देतो," दीर म्हणाला. "पाचच मिनिटं. मागच्या गल्लीत नेतो आणि आणतो."

"कालच धुतलीय. आणि आत केक आहेत, धुताय कसली."

"बाहेरून हो."

"बाहेरूनच धुतलीय कालही."

आतून आईंचा आवाज आला. "अहो, जरा इकडे या. झाकण निघत नाहीये."

"आलो," बाबा म्हणाले. "ही गाडी जाऊ दे आधी."

"आत्ता हवंय."

"मग तू काढ की. रोज तूच काढतेस."

आतला आवाज बंद झाला. दीर पुन्हा लिफ्टच्या बटणाकडे बघायला लागला. बाबांनी हे अगदी सहज म्हटलं, पानासुद्धा खाली न ठेवता.

"ताई, चहा घ्या ना अजून एक," मी म्हटलं.

"दोन झाले. तिसरा घेतला तर केकच्या आधी मीच सांडेन." बाईंनी आमच्याकडे एकेक करून बघितलं. त्या बावळट नव्हत्या. "तुमचं सगळ्यांचं काय चाललंय? गाडीत आणखी काही निघालंय का? निघालं असेल तर आत्ताच सांगा. मला मधेच रस्त्यात कळायला नको."

"काही निघालेलं नाही," दीर म्हणाला.

"मग द्या किल्ली."

नवरा हलला नाही. मी त्याला ओळखते. पटकन बोलणाऱ्यांतला तो नाही. लहानपणी तापात असला तरी 'बरं आहे' म्हणायचा, असं आई सांगतात. लग्नानंतर पहिल्या वर्षी त्याला माझी भाजी खारट लागत होती हे मला त्याच्या मित्राकडून कळलं. बापाकडे तो पाना मागायचा म्हणजे बापाच्या खुर्चीत जाऊन बसायचं, असं त्याचं झालं होतं. म्हणून तो कॉम्प्रेसर लावून, फडक्याखाली, दुपारच्या वेळी आवळत राहिला असता, अजून पाच वर्षं, दहा वर्षं. बाईंनी शाळेच्या चौकातलं मला सांगितलं होतं, त्याला नाही. पण आल्यावर ते मी त्याच्या कानावर घातलं होतं. घालायला नको होतं की काय, असं मला त्या क्षणी वाटलं.

"अरे, दे त्यांना किल्ली," बाबा म्हणाले. "कशाला ताटकळत ठेवलंयस? चाक झालंय."

"नाही झालं," नवरा म्हणाला.

"म्हणजे?"

"पुन्हा आवळायचंय."

"माझ्या हातचं?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं नाही, दिराकडे बघितलं नाही. खणाकडे गेला, फडकं सोडलं, आतला पाना काढून सगळ्यांसमोर गाडीच्या बॉनेटवर ठेवला. फडकं तेवढं हातात राहिलं. मधल्या दारात आई बरणी घेऊन येऊन उभ्या होत्या.

"हा कटकट्या अजून आहे होय," बाबा म्हणाले. हसायला गेले, पण त्यांच्यासोबत कुणी हसलं नाही. "बोल की. एवढं काय आहे? डिस्क वाईट आहे का? पॅड वाईट आहेत?"

"डिस्क चांगली आहे. मागचीही चांगलीच होती, नवी टाकली तेव्हाही आणि घासली तेव्हाही." त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, स्पेअर पार्ट मागवताना असतो तसा. "बाबा, तुमच्या हातात आता जोर राहिलेला नाही. पहिले दोन नट लागतात. पुढचे लागत नाहीत."